आईच्या जबड्यातले बाबा

एका बुधवारी भर दुपारी, चाळीस माणसांच्या देखत, निळेकाकांचं बिंग फुटलं. मेलेली माणसं त्यांच्या खोलीतून निघून गेली आणि जिवंत माणसं जिना उतरून आपापल्या घरी गेली.

असं काही झालंच नाही, असं तूर्त समजू. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा तो जिना माणसांनी ठासून भरलेला आहे, आणि त्यांतल्या कुणाला तुम्ही हे सांगायला गेलात, तर तो शांतपणे सांगेल की रांग खालून आहे.

जिना एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानाच्या बाजूने वर जायचा. पायरीला दोन माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एक मोबाईल. स्वतःचा नव्हे, घरातल्या गेलेल्या माणसाचा. निळेकाकांचा नियमच होता: फोन पूर्ण चार्ज करून आणायचा आणि त्याचं कुलूप काढून ठेवायचं. "आत्म्याला सगळं आठवतं," ते म्हणायचे, "पासवर्ड तेवढा आठवत नाही." फोन तासभर 'शुद्धीसाठी' आतल्या खोलीत जायचा. मग माणूस जायचा. बाहेर यायचा तेव्हा त्याच्या तोंडात एक दात जास्त असायचा, आणि तो दात त्या गेलेल्या माणसाचा असायचा.

उतरणारी माणसं गाल धरून, कान आतल्या बाजूला लावल्यासारखी चालायची. चढणारी त्यांना वाट करून द्यायची.

"कोण आलं?"

"धाकटा भाऊ."

"बोलले?"

"हो. टाकी भरून ठेव म्हणाला."

"अरेरे. अगदी तसेच होते ना?"

"अगदी तसाच. स्वतः कधी भरली नाही."

या जिन्यावर आई तीन वेळा उभी राहून आली आणि लेकीला पत्ताही नव्हता. पत्ता लागला मंगळवारी सकाळी, चहाच्या टेबलावर.

लेकीला सगळे लॅबवाली म्हणत, कारण ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती त्यांवरून दाढा घडवायची, दिवसाला अकरा. लोकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, पण कोण कुठल्या बाजूने चावतो ते राहायचं. अशा मुलीसमोर बसून आई हसली, आणि खाली डावीकडे, जिथे भोक असायला हवं होतं तिथे, एक दाढ दिसली. हवालदाराच्या घरात रणगाडा लपवावा, तसला प्रकार.

"हे काय?"

"काय काय?"

"दाढ."

"तुझ्या बाबांची आहे," आई म्हणाली आणि तिने बिस्किट चहात बुडवलं.

बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. बोटं जाड असल्यामुळे त्यांनी आयुष्यात एकही मेसेज टाईप केला नाही. जे काय सांगायचं ते फोनवर बोलून पाठवायचे. त्यांचा फोन अजून घरी होता. म्हणजे लॅबवालीला तसं वाटत होतं.

"बोलतात ते," आई म्हणाली.

"आत्ता?"

"छे. बोलतात काकांकडे. इथे नुसते असतात." तिने गालावरून हात फिरवला. "दुपारी जरा ठणकतात. रागावले असतील कशावरून तरी."

लॅबवालीने चहा बाजूला ठेवला, टॉर्च आणि आरसा आणला आणि आईला आ करायला लावलं. बाबांच्या खालची हिरडी सुजून जांभळी झाली होती.

चार महिन्यांपूर्वी एका गाठीने तिथलं हाड पोखरल्यामुळे ऑपरेशन करावं लागलं होतं. जबड्याच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एक नमुन्याचा ठोकळा आईच्या तळहातावर ठेवला होता. खडूच्या तुकड्याएवढा, स्पंजासारखी भोकं असलेला. "मावशी, तुमचं हाड ज्या खनिजाचं आहे त्याचेच हे कण आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर एका ओळीत झोपतील. ते प्रथिनाच्या जाळीत विणलेत. नॅनोकॉम्पोझिट म्हणतात याला. हाडाच्या पेशींना वाटतं, हे आपलंच घर. त्या राहायला येतात आणि राहता राहता स्वतःचं बांधून घेतात. सहा महिन्यांनी हा ठोकळा जवळजवळ उरणार नाही, तुमचं हाड असेल. मग त्यात स्क्रू, आणि स्क्रूवर दाढ. तोवर तिथे काहीही लावायचं नाही."

आईने 'बरं' म्हटलं होतं. सहा महिने ही मुदत तिला तेव्हा मोठी वाटली नव्हती. पण घरात एकटीने दुपारी जेवताना, एका बाजूने चावत चावत, ती मोठी होत गेली असावी.

त्याच दिवशी लॅबवाली तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बराच वेळ उजेडासमोर धरला.

"ही दाढ शेजारच्या दोन दातांना चिकटवली आहे आणि खाली हिरडीवर दाबते आहे. आत घाण साचते. आठ दिवसांत काढली नाही, तर पू ठोकळ्यापर्यंत जाईल आणि तो जाईल. मग दुसरा बसवायला हाडच नाही, मावशी. खालची कड अंड्याच्या टरफलाएवढी राहिली आहे. जबडा मोडेल."

"काढायची नाही," आई म्हणाली.

"आई, अगं..."

"एकदा त्यांना घरातून बाहेर काढलं तेव्हा मी गप्प बसले. दुसऱ्यांदा नाही बसणार."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "तोंड तुमचं आहे. तुम्ही उघडलंत तरच माझं काम सुरू होतं." आणि लेकीकडे बघून, हळू आवाजात: "आठ दिवस. नऊ नाही."

शुक्रवारी लॅबवाली आईबरोबर तो जिना चढली. तिला काकांची लबाडी बघायची होती. ती जरा खुशीतच होती.

खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावला होता. मधोमध एक टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं कापड, आणि कापडातून वर आलेला अंगठ्याएवढा जाड लाकडी दांडा, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीचा. दांड्याला दर माणसामागे नवं प्लास्टिकचं टोपण घालायचे. परलोकाशी संबंध ठेवताना निळेकाका स्वच्छतेला फार जपत.

खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. त्यांना बायको हवी होती. पुढचा दात म्हणून.

"ताई कुठेही गेलेल्या नाहीत," काका मऊ आवाजात म्हणाले. "माणूस जातो म्हणजे काय होतो? नॅनो होतो. विज्ञान आत्ता कुठे तिथे पोचतंय. या खोलीत या क्षणाला ताईंचे शंभर अब्ज अंश आहेत. ते दार जरा लावून घ्या, वारा येतोय."

दार लागलं. काकांनी मास्तरांच्या ओठाआड कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या, हे 'मौन'. मग सुईच्या नळीतून दातांवर आंबट निळं जेल लावलं, वीस आकडे मोजून धुतलं, ही 'कर्मशुद्धी'. रबरी फुग्याने हवा मारून दात कोरडे केले, हा 'प्राण'. मग काळ्या नळीतून लोण्यासारखा मऊ गोळा काढला आणि त्याला चिमट्याने दाताचा आकार दिला. "चष्मे," ते म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्यांनी नारंगी चष्मे लावले. "गेलेल्यांचं तेज उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं." त्यांच्या मुठीतून निळा झोत निघाला. वीस आकडे. मग त्यांनी त्या गोळ्यावर चमचा वाजवला. टण, टण. लोणी दगड झालं होतं. खोलीतून एक लांब सुस्कारा गेला.

लॅबवालीला दुसऱ्याच पायरीला हसू यायला लागलं होतं. दातात सिमेंट भरायचा हा रोजचा प्रकार. काचेसारख्या खनिजाचे सूक्ष्म कण राळेत कालवलेले. निळ्या उजेडात वीस सेकंदांत घट्ट होतात. साध्या उजेडातही हळूहळू होतात, म्हणून खिडक्यांना काळा कागद. ओल चालत नाही, म्हणून कापूस. निळा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून नारंगी चष्मे. गावोगावचे दंतवैद्य हेच करतात, फक्त वर मेलेली बायको देत नाहीत.

"आता तुम्ही बसा, ताई," काका तिला म्हणाले. "वडील केव्हापासून वाट बघताहेत. दांडा दातांत धरा. घट्ट. कानांत बोटं घाला."

कानांत बोटं घालून ऐकायचं, हे तिला भारीच वाटलं. तिने दांडा चावला आणि कानांत बोटं घातली.

आणि बाबा बोलले.

कानात नव्हे. डोळ्यांच्या मागे, कवटीच्या आत, जिथे फक्त आपण स्वतःशी बोलतो तिथे. "पोचलो की कळवतो गं. गॅस बंद केलास ना?" तोच घसा, 'ना' वर तोच हेल. त्यांच्या मागे कुठेतरी एक बाई सांगत होती की गाडी पाच नंबरच्या फलाटावर लागते आहे. खोलीत चिडीचूप होतं. दुसऱ्या कुणालाही काही ऐकू येत नव्हतं.

लॅबवालीने शास्त्रीय दृष्टीने, पूर्ण सावधपणे आणि दोन्ही डोळ्यांनी रडायला सुरुवात केली.

"ऐकलंस?" आईने जिन्यावर विचारलं.

"हो."

"गॅस?"

"गॅस."

घरी पोचल्यावर आधी दोघींनी, एकीमागून एक, गॅस बघितला. बंद होता.

शनिवार, रविवार, सोमवार लॅबवालीचे वाईट गेले. आई दुपारी गाल धरून पडायची. "आज फार ठणकताहेत," म्हणायची, आणि मुलीने आजवर कधी न पाहिलेल्या मायेने त्या गालावर थोपटायची. मुलगी दारात उभी राहून बघायची. हे थांबवायला हवं, हे तिला कळत होतं. आणि तो दांडा पुन्हा एकदा चावायला मिळावा, असंही तिला वाटत होतं. मेल्यावर माणूस कुठे जातो, हे तिला माहीत नव्हतं, पण तिथे निदान पाच फलाट आहेत, एवढं कळलं होतं. हा विचार डोक्यात घेऊन तिने सोमवारी जी दाढ घडवली, ती लॅबच्या शेठने बोटांत धरून फिरवून फिरवून पाहिली.

"ही बसवायची तर माणसाला डोकं उलटं करावं लागेल, पोरी."

"दुसरी करते, शेठ."

तिने नवं प्लॅस्टर कालवलं आणि साचा थरथरत्या पाटावर धरला. प्लॅस्टरमधले बुडबुडे वर यावेत म्हणून प्रत्येक लॅबमध्ये असा मोटरवर थरथरणारा पाट असतो. दोन्ही हात अडकले की लॅबमधलं प्रत्येक माणूस कालवायची लाकडी पट्टी दातांत धरतं. तिनेही धरली, खाली वाकली, आणि पट्टीचं दुसरं टोक पाटाला टेकलं.

तिच्या कवटीत बस सुरू झाली.

तिने तोंड मागे घेतलं. पाट नेहमीसारखा गुणगुणत होता. पट्टी टेकवली: पुन्हा बस. कानांत बोटं घातली: बस आणखी जोरात.

"शेठ, एखादा जुना स्पीकर आहे?"

रेडिओचा होता. तिने त्याचा कागदी भोंगा कापला, मधल्या थरथरणाऱ्या भागावर पट्टी डिंकाने उभी चिकटवली आणि स्वतःच्या फोनची वायर जोडली. दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्या दोघींना एकदमच पाठवलेला निरोप तिने लावला. लॅबमध्ये काहीच ऐकू येईना. मग तिने पट्टी चावली.

पोचलो की कळवतो गं. गॅस. पाच नंबरचा फलाट.

आवाज हवेतूनच येतो असं नाही. लाकडातून दातात, दातातून जबड्यात, जबड्याच्या हाडातून थेट कानाच्या आतल्या भागात तो जातो, आणि शेजारच्याला काही कळत नाही. ती हे शाळेत शिकली होती. फक्त शाळेत ते बाबांच्या आवाजात शिकवलं नव्हतं.

तिने सगळी हकीकत शेठना सांगितली. त्यांनी स्वतः पट्टी चावून पाहिली.

"मग पोलिसात जा."

"पोलीस दाढ काढू शकत नाहीत. आईला पटलं पाहिजे. शेठ, तुम्हाला जरा मरावं लागेल."

"किती दिवस?"

"एका दुपारपुरतं."

"सुट्टी कोण देणार?"

"मालक तुम्हीच आहात."

"मग नाही मिळायची," शेठ म्हणाले. पण बुधवारी, आठव्या दिवशी, ते नारंगी चष्मा लावून निळेकाकांच्या खोलीत मागच्या भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचा जुना फोन 'नुकत्याच वारलेल्या काकांचा' म्हणून शुद्ध होऊन आला होता. त्यातल्या एकुलत्या एक निरोपाची सुरुवात होती: "पोरी, मी काका. जरा ऐक." चाळीस फोन तपासणारा माणूस याहून पुढे ऐकत बसत नाही, या हिशोबाने पुढचा मजकूर भरला होता.

"मला नाही ऐकवणार," लॅबवाली खुर्चीत बसून म्हणाली, आणि आजही आलेल्या पोस्टमास्तरांकडे वळली. "मास्तर, माझ्या वतीने तुम्ही ऐका. आणि मला मोठ्याने सांगा."

दुसऱ्याचा निरोप पोचवणं हा मास्तरांचा पस्तीस वर्षांचा धर्म. ते बसले, दांडा धरला, कानांत बोटं घातली. मग दांडा दातांत तसाच ठेवून, फुटक्या उच्चारात पण एकही शब्द न गाळता, निरोप पोचवू लागले.

"पोरी, मी काका. जरा ऐक. ...वापरण्यापूर्वी माहितीपत्रक वाचा. ...नळी उजेडात उघडू नका. ...दात कापसाने कोरडे ठेवा. ...जेल वीस सेकंद ठेवून धुवा."

खोलीतली माणसं हलली. कापूस, वीस आकडे, धुणं हे त्यांनी सगळ्यांनी भोगलेलं होतं.

"...नारंगी चष्मा लावा. निळा प्रकाश वीस सेकंद द्या."

टेबलाखाली निळेकाकांचा पाय हलला.

"आवाज गेला," मास्तर म्हणाले.

"मुदत संपलेला माल वापरू नका," अंधारातून आवाज आला. "लहान मुलांपासून दूर ठेवा."

मास्तरांच्या तोंडून दांडा सुटला. "हाच," ते म्हणाले. "हाच तो आवाज."

दाराकडे चेंगराचेंगरी झाली असती, पण शेठनी हात वर केला. "घाबरू नका. मी मेलेलो नाही. दाढांचा धंदा आहे माझा."

कुणीतरी खिडकीचा काळा कागद ओढला. दुपारचं ऊन आत आलं. लॅबवालीने टेबलाचं कापड उचललं: दांड्याच्या बुडाशी भोंगा कापलेला स्पीकर, त्यातून निघालेली वायर, पायाने दाबायचं बटण. ताटलीत पुढच्या माणसासाठी काढून ठेवलेला मऊ गोळा होता. तो उन्हात, कुणाचाही आत्मा न येता, आपला आपणच कडक होत गेला. निळेकाका पूर्वी पिशवी घेऊन दवाखान्यादवाखान्यांतून दातांचं सामान विकायचे, हे पुढे पोलिसांनी शोधून काढलं. माहितीपत्रक त्यांना पाठ होतं. त्यांनी फक्त त्याला चाल लावली होती.

काका उन्हात बरेच लहान दिसत होते. "मी कुणाला खोटं ऐकवलं का?" ते म्हणाले. "आवाज त्यांचाच होता ना?"

मास्तरांनी आपल्या पुढच्या दाताला बोट लावून पाहिलं.

"आवाज त्यांचा होता," लॅबवाली म्हणाली. "बोलत तुम्ही होतात."

लेकीबरोबर आलेली आई अजून भिंतीशी उभी होती. ती पुढे आली आणि खुर्चीत बसली. "एकदा लाव," ती लेकीला म्हणाली.

"आई, तो नुसता फोन आहे."

"कळलंय मला. लाव."

लॅबवालीने स्वतःचा फोन त्या वायरला जोडला. आईने दांडा धरला, आणि दातांतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "फार दुखतंय हो. काय करू?"

ती थांबली. ऐकलं. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा ऐकलं. मग तोंड सोडवून घेतलं आणि पदराने दांडा पुसून ठेवला.

"मी दुखतंय म्हटल्यावर त्यांनी गॅसचं विचारलं नसतं," ती म्हणाली. "गाडी वळवून आले असते." आणि उठली. "चल. डॉक्टरीणबाई असतात ना आत्ता?"

दाढ काढायला पंचवीस मिनिटं लागली. ती निघाली तेव्हा आई रडली नाही. तुकडे मात्र तिने नीट बघितले. पू धुतला गेला. ठोकळ्याचा एक कोपरा गेला होता, बाकीचा शाबूत होता. आणखी तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं: करड्या ठोकळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेषा उतरल्या होत्या. "हे तुमचं," त्या म्हणाल्या.

आता वाचकांशी दोन शब्द, सरळ. मेलेलं माणूस परत आलं असं कुणी सांगितलं, तर त्याच्याशी भांडू नका. माणूस खरंच हवं असतं, हे लाजिरवाणं नाही. फक्त त्या परत आलेल्या माणसाला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर अजून कुठेच साठवलेलं नाही. खिडकी उघडायला सांगा. टेबलावरचं कापड उचला. आणि ठणकत असेल तर त्या जागी कुणी रागावलेलं नसतं, तिथे पू असतो, डॉक्टरकडे जा.

एक्स-रेच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून आईने एक अर्ज लिहिला. लॅबवालीने शुद्धलेखन तपासलं, बाकी हात लावला नाही. पोच अद्याप आलेली नाही.

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग.

विषय: मयत पतीस एक वाक्य बोलण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझे पती आपल्या नोंदीनुसार मयत असून सदर नोंद बरोबर असल्याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे. त्याबाबत माझी तक्रार नाही. त्यांची एकूण दोनशे बारा वाक्ये आमच्याकडे उपलब्ध आहेत, परंतु ती सर्व जुनी आहेत. तरी त्यांना एक नवीन वाक्य बोलण्याची परवानगी देण्यात यावी. वाक्य लहान असले तरी चालेल. ते कार्यालयीन वेळेत, मध्यस्थाशिवाय, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून असावे.

सोबत: प्रश्न (एक), बंद पाकिटात.